मामीचा खांदा, आबांची बाज

आमच्या मामीला जगात कुणाचीही गरज नव्हती, आणि ही गोष्ट तिनं जगाला वेळोवेळी सांगून ठेवली होती. “माझं मी बघीन,” हे तिचं उत्तर सगळ्याच प्रश्नांना चालायचं. एस.टी.तून उतरताना कंडक्टरनं पिशवी धरायला हात पुढं केला की “माझं मी बघीन.” कांदे साठवणीच्या बराखीत भरताना कुणी पाटी उचलून द्यायला आलं की तेच. मग ती भरलेली पाटी आधी गुडघ्यावर, गुडघ्यावरून पोटाशी आणि तिथून डोक्यावर अशी काही चढवायची की मदतीला आलेला माणूस ओशाळून बाजूला व्हायचा. धाकट्या मुलाच्या वेळी सुईण येऊन पोचेपर्यंत मामी सगळं उरकून चुलीपुढं बसली होती आणि तिनं सुइणीलाच चहा करून दिला, असं आमच्याकडं सांगतात. यातलं निम्मं सोडून दिलं तरी उरलेलं निम्मं मामीला शोभणारं आहे. मी मंचरच्या शाळेत नोकरीला लागले तेव्हा सुट्टीच्या दिवशी तिच्याकडं जायची, कारण माझं आजोळ तिथून जवळच. पण गेल्यावर मी चार भांडी घासली की मामी ती माझ्यादेखत पुन्हा घासायला बसायची.

हा स्वभाव काही तिनं हौसेनं घेतलेला नव्हता. ती रांगत होती तेव्हाच तिचे वडील गेले. आळे गावी आपल्या मामाच्या घरी ती वाढली, आणि परक्या चुलीवर वाढणारी पोर जे सगळ्यात आधी शिकते ते शिकली, की कुणाकडं काही मागायचं नाही. लग्न होऊन आली तर इथं सासू नाही, माझी आजी केव्हाच गेलेली. घरात दोनच माणसं. एक माझा मामा, जो मनापासून बोलायचा तो फक्त बैलांशी. आणि दुसरे तिचे सासरे म्हणजे माझे आबा, जे स्वतः भाकरी थापून मुलाला वाढत होते. आबांच्या भाकरी चांगल्या जाड असायच्या आणि त्यांचा त्यांना अभिमानही होता. नव्या सुनेनं आल्या दुसऱ्या दिवशी काही न बोलता त्यांच्यापुढची काटवट आपल्याकडं ओढून घेतली. आबा उठले, हात धुतले आणि पडवीतल्या बाजेवर जाऊन बसले. ते पुढं आयुष्यभर तिथंच बसले म्हटलं तरी चालेल.

त्या दिवसापासून आबांसमोर मामीच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. आम्हा भाचरांना लहानपणी मामीला कान आहेत की नाहीत याचीच शंका होती, कारण ते कुणी पाहिलेले नव्हते. ती पदर घेऊन भुईमूग काढायची, पदर घेऊन झाडावर चढून शेवग्याच्या शेंगा पाडायची, आणि वादळात घराचा पत्रा उडाला तेव्हा पत्र्यावर दगड ठेवायला शिडीवर चढली तीही पदर दातात धरून, कारण आबा खाली उभे होते. पुढं पुढं गावातल्या सुना गाऊन घालून नळावर यायला लागल्या, कुणाच्या डोक्यावर पदर राहिला नाही आणि कुणाचं काही अडलं नाही. मामीनं मात्र आपला रिवाज सोडला नाही. मी एकदा म्हटलं, “मामी, आता कोण घेतं गं पदर?” तर म्हणाली, “मी घेती. ह्या घराला सासू नव्हती, मान कुनी शिकवला न्हाई. माझा मीच शिकले.”

आणि रिवाज नुसता पदराचा नव्हता. सून सासऱ्याशी तोंडासमोर बोलत नाही, म्हणून मामी आबांशी बोलायची ती म्हशीमार्फत. गोठा पडवीला लागून. मामी चंद्रीला वैरण टाकता टाकता मोठ्यानं म्हणायची, “चंद्रे, कुनी औषध घेतलं का न्हाई सकाळचं, कुनास ठाऊक.” आबा आपल्या काठीकडं बघत म्हणायचे, “घेतलं म्हनावं. लई कडू हाय.” “कडूच असतंय, चंद्रे.” यावर काठी गप्प राहायची. भाऊबंदांशी झालेल्या जमिनीच्या वाटणीपासून मुलांच्या लग्नापर्यंतचे सगळे निर्णय या म्हशीच्या आणि काठीच्या साक्षीनं झाले. चंद्री म्हातारी होऊन गेली, तिच्या जागी दुसरी म्हैस आली, तिचंही नाव मामीनं चंद्रीच ठेवलं. नाव बदललं असतं तर बोलण्याची घडी बसायला वेळ लागला असता, असं मला वाटतं.

मामीच्या खांद्याचं दुखणं सुरू झालं तेव्हा मुलं चाकणच्या कारखान्यात लागून तिकडंच राहायला गेली होती. घरात पुन्हा तीच तीन माणसं. आधी उजवा हात वर नेताना कळ यायची, मग हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. मामीनं कुणाला सांगितलं नाही. गरम विटेनं शेकून पाहिलं, तेल जिरवलं. घाटघरकडच्या एका हाडवैद्याकडं एकटीच जाऊन आली. त्यानं हात असा ओढला की परतीच्या एस.टी.त तिला दांडीला धरून बसायचीही ताकद राहिली नाही, तरी शेजारच्या बाईनं आधार देऊ केला तेव्हा उत्तर ठरलेलंच होतं. माझ्या लक्षात आलं ते तिच्या केसांवरून. एका रविवारी मी आत गेले तर मामी माजघरात पाठमोरी बसलेली, केस मोकळे, आणि एकाच हातानं अंबाडा घालायची खटपट चाललेली. केस पार पांढरे झाले होते, मला माहीतच नव्हतं. मी तिच्या मागं बसले आणि अंबाडा घातला. मामी “माझं मी बघीन” म्हणाली नाही, तेव्हा मी घाबरले.

मंचरच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, फ्रोझन शोल्डर. सांध्याभोवतीची पिशवी आवळून बसली आहे, तुमच्या साखरेमुळं जास्त, म्हणाले. मामीनं साखरेचं ऐकून सोडून दिलं आणि नावावर हरकत घेतली. “गोठायला मी काय फ्रीजमधी झोपत व्हते?” गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. हात कमरेपासून थोडा वर जाऊन थांबायचा तो थांबलाच. शेवटी पुण्याला नेऊन दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. भूल द्यायच्या आधी डॉक्टर म्हणाले, “आजी, घाबरू नका, आम्ही आहोत.” आजींनी काय उत्तर दिलं ते सांगायला नको.

खरी परीक्षा घरी आल्यावर होती. पुण्याच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, की आम्ही आतली आवळलेली पिशवी मोकळी केलीय, पण हात उद्यापासूनच हलवा, नाहीतर तो पुन्हा धरेल. हे गावाला पटणं शक्य नव्हतं. ऑपरेशन म्हणजे आराम, हात गळ्यात. मी सोमवारी शाळेला गेले आणि आळीतल्या बायकांनी मायेपोटी मामीचा हात जुन्या लुगड्याच्या पट्टीनं गळ्यात बांधून टाकला, वर हळदीचं दूधही पाजलं. मी पुन्हा गेले तेव्हा मामी तशीच बांधलेली बसलेली. व्यायाम शिकवणाऱ्या मंचरच्या मॅडमनी ती पट्टी सोडली तेव्हा हात पुन्हा बराच आखडला होता. मॅडम वयानं माझ्याहून लहान, पण कडक. त्यांनी मामीला भिंतीपुढं उभं केलं आणि बोटं भिंतीवरून मुंगीसारखी वर चढवायला सांगितलं. दाराच्या चौकटीला कप्पी अडकवून दोरी ओढायला दिली, चांगल्या हातानं दुखऱ्या हाताला वर न्यायचं. कप्पी मामाच्या विहिरीवरची जुनी होती, ती करकरायची, आणि मामी तिच्याबरोबर आपल्या हाताला शिव्या घालायची. “चल, आळश्या. बैल असतास तर बाजारात न्हेऊन सोडला असता.” तिचे दात आवळलेले असायचे आणि डोळ्यांतून पाणी यायचं, पण रडणं ती हाताच्या नावावर टाकायची.

आता अडचण पदराची. डाव्या हातानं पदर डोक्यावर आणता येतो, पण उजव्या हातानं मागून ओढून तो अंबाड्यावर बसवावा लागतो. मी येईन त्या दिवशीच अंबाडा, एरवी सैल गाठ. दुसऱ्या कुणाला ती केसांना हात लावू देत नव्हती. त्या गाठीवर पदर टिकेना. चहाचा कप डाव्या हातात घेऊन मामी पडवीत गेली की उंबऱ्याबाहेर दोन पावलांत पदर घसरून खांद्यावर यायचा, आणि आबा तर दाराकडं तोंड करून बसलेले. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी तिथं होते. मामी जागच्या जागी थिजली. कप सोडावा तर चहा सांडतो, न सोडावा तर डोकं उघडं. आबांनी मान खाली घातली. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मामाकडून आपली बाज फिरवून घेतली, आणि तोंड भिंतीकडं करून बसले.

ते तसेच बसत राहिले. ज्या माणसानं पडवीतून येणाऱ्या-जाणाऱ्या गावाची नोंद ठेवण्यात जन्म घालवला, तो आता पोपडे आलेल्या चुन्याच्या भिंतीकडं बघत बसू लागला. रस्त्यानं जाणाऱ्यानं “राम राम, आबा” म्हटलं की आबा भिंतीलाच राम राम करायचे. कुणी म्हणालं म्हाताऱ्याला भ्रम झाला, कुणी अंगारा आणून दिला. आळ्याहून मामीच्या माहेरचे पाहुणे तिला बघायला आले, त्यांचीही विचारपूस आबांनी पाठमोऱ्यानंच केली. “पावणं, पाऊस कसा हाय तुमच्याकडं?” पाहुणे एकमेकांकडं बघू लागले. मामीला त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या मनात एकच गोष्ट पक्की बसली होती, की मामंजींनी, म्हणजे आबांनी, आपल्याकडं पाठ फिरवली. जन्मभर राखलेला मान एका घसरलेल्या पदरानं गेला, आणि आता या घरात तिची किंमत उरली नाही.

त्यानंतर ती व्यायामाला अशी भिडली की मॅडमनाच तिला आवरावं लागलं. भिंतीवर ती कोळशानं रेघ ओढायची आणि हात तिथवर पोचल्याशिवाय जेवायची नाही. कप्पीची दोरी हिसक्यानं ओढायची. एक दिवस खांदा सुजून लाल झाला, हात पुन्हा खाली आला. मॅडम म्हणाल्या, असंच चाललं तर केलेलं ऑपरेशन फुकट जाईल. मी मामीवर चिडले. म्हटलं, “थोडं सबुरीनं घेतलंस तर काय बिघडेल?” मामीनं हातातली दोरी सोडली. मग म्हणाली, “त्ये भिताडाकडं तोंड करून बसल्यात, आन मी सबुरी धरू? बाप कसा असतो त्ये मला ठावं न्हाई, बाई. हितं आले तवा वाटलं, हे मानूस आपल्याला वाईट म्हननार न्हाई एवढं बगायचं. तेवढंच व्हतं माझं. त्ये बी गेलं.” मामीच्या तोंडून इतकं सरळ बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. मला तिच्याकडं बघवेना.

मी उठून तशीच पडवीत गेले. मला आबांचा रागच आला होता. म्हटलं, “आबा, हे काय चालवलंय तुम्ही? तिच्या जिवाला लागलंय. एक पदर पडला तर इतकं?” आबा भिंतीकडंच बघत होते. त्यांना माझं बोलणं कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी मान वळवली, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही, नुसतं आश्चर्य दिसलं.

“अगं, तिचा हात वर व्हत न्हाई,” आबा म्हणाले. “मी दाराकडं बगत बसलो तर तिला घडी घडी पदर वढाय लागतोय. कळ येती तिला, त्वांडावर दिसती. मी बगितलंच न्हाई तर पदराचं काय कारन?”

“मग सांगायचं ना तसं.”

“कुनाला, म्हशीला?” आबा म्हणाले. “असलं म्हशीला सांगता येतं व्हय?”

गावानं दिलेला अंगारा त्यांच्या उशाशी पुडीत तसाच पडला होता. पाहुण्यांसमोर वेडं ठरणं त्यांनी पत्करलं होतं आणि त्यात त्यांना विशेष काही वाटलं नव्हतं. “तिला सांगू नगंस,” ते म्हणाले, “लाजंल.” पण माझ्या पोटात काही राहत नाही. आत जाऊन मी मामीला सगळं सांगितलं. मामी ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं डाव्या हातानं डोळे पुसले आणि “तरीच,” एवढंच म्हणाली. कशाला तरीच, ते मी विचारलं नाही. त्या दिवशी तिनं भिंतीवरची कोळशाची रेघ स्वतः ओल्या फडक्यानं पुसली आणि मॅडमनी सांगितलं होतं तेवढाच व्यायाम केला. गंमत म्हणजे यानंतर हात चढायला लागला. घाई सोडल्यावर खांद्यानंही हट्ट सोडला असावा. तोवर आबा भिंतीकडंच होते, आणि मामी त्यांच्यापुढं उघड्या डोक्यानं ये-जा करत होती. त्यांनी पाहिलं नाही, तिनं पाहू नका म्हटलं नाही, आणि दोघांचं म्हशीमार्फत पहिल्यासारखं चाललं होतं. घरात एक प्रकारचं सुख आलं होतं, असं मला आज वाटतं.

दिवाळीच्या आसपासची गोष्ट. मी गेले तेव्हा मामी आरशापुढं उभी होती. अंबाडा घातलेला होता, जरा वाकडा, पण तिचा तिनं. तिनं डाव्या हातानं पदर डोक्यावर आणला, उजवा हात हळूहळू मागं वर नेला, थांबली, श्वास घेतला आणि पदर अंबाड्यावर ओढून बसवला. मी टाळी वाजवणार होते, तिनं डोळ्यांनीच गप्प केलं. चहाचा कप घेऊन ती पडवीत गेली. मी दारात थांबले. आबा पाठमोरे. मामी गोठ्याकडं तोंड करून म्हणाली, “चंद्रे, सांग त्यान्ला. आता फिरा म्हनावं. मान आखडंल.”

आबा लगेच फिरले नाहीत. इतके महिने एका बाजूला बसून मान खरोखरच आखडली होती, ते बाजेवर हातांनी रेटा देत आधी गुडघे, मग अंग असे वळले. मामीकडं पाहिलं. पदराकडं पाहिलं. मी वाट बघत होते की आता काठी उचलतील आणि काठीला काहीतरी म्हणतील. पण काठी बाजेखाली होती. ती त्यांनी शोधली नाही. मामीकडं बघत, तिलाच, ते म्हणाले, “लेकीनं बापाम्होरं पदर कशापायी घ्यावा?”

मामीनं चंद्रीलाही काही सांगितलं नाही. कप बाजेवर ठेवला आणि आत आली, आणि चुलीपुढं बसून बराच वेळ विझलेली चूल फुंकत राहिली. पदर तिनं उतरवला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही. इतक्या कळा सोसून मिळवलेली गोष्ट ती एका वाक्यावर सोडून देणारी नव्हती, आणि आबांनीही पुन्हा विषय काढला नाही. बाज मात्र दाराकडं तोंड करून आली, आणि गावाला आबांचा भ्रम अंगाऱ्यानं गेला असं वाटलं. गावाचा तो समज आम्ही मोडला नाही.

त्यानंतर काही वर्षांनी, उन्हाळ्यात, आबा गेले. फारसं दुखणं नव्हतं. मी पोचले तेव्हा त्यांना पडवीत खाली ठेवलं होतं, बाज उभी करून त्याच भिंतीला टेकवली होती. मुलं चाकणहून यायची होती. मामा गोठ्यात बैलांपाशी उभा होता. आळीतल्या बायका मयताघरी म्हणून डोक्यावर पदर ओढून बसलेल्या, आणि मामी आबांच्या उशाशी. ती रडत नव्हती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. थोड्या वेळानं तिनं उजवा हात वर नेला. मला वाटलं पदर नीट करते आहे. तिनं तो अंबाड्यावरून मागं सारला आणि खांद्यावर घेतला. पांढरे केस, दोन्ही कान, सगळ्या आळीसमोर. बायकांत कुजबुज झाली. शेजारची म्हातारी पुढं झुकली. तिला वाटलं दुःखात भान राहिलं नाही, म्हणून तिनं पदर उचलून मामीच्या डोक्यावर घालायला हात पुढं केला. मामीनं तो हात वरच्या वर धरला, ज्या हाताला कधी काळी कमरेच्या वर जाणं मुश्किल झालं होतं त्या हातानं.

“असू द्या,” मामी म्हणाली. “माझं मी बघीन.”

मग तिनं म्हातारीचा हात सोडला, आणि तोच हात खाली आणून आबांच्या कपाळावर ठेवला.